पेरणीच्या पद्धती आणि पेरणारे हात

आगाशीच्या वाडीत जी केळ मुख्य, तिला पेरावयाचे बीच नसते. जुन्या केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा कंदासकट काढून दुसऱ्या खड्ड्यात लावला की झाले. पानवेलीचेही तसेच, तिचे फाटे लावतात. तेव्हा राजेळीच्या सुकेळ्यांसाठी नाव मिळविलेल्या या गावात पेरणीचा इतिहास शोधू गेलेला मनुष्य पहिल्याच वाडीत अडतो.

पण कुंपणालगतच्या वाफ्यांत थोडे वाकून पाहावे. मिरची-वांग्याचे बी बारीक, म्हणून ते राखेत किंवा वाळूत कालवून ओळीने सोडतात. दाट पडले तर रोपे लांबुडकी होऊन कोलमडतात. दुधी, पडवळ, काकडी यांचे बी आळ्यात टोकतात, आणि कठीण कवचाचे असेल तर आधी भिजवितात. धणे रगडून त्यांच्या दोन फाका केल्याखेरीज पेरीत नाहीत. मुळ्याचे बी नुसते फोकले तरी चालते, मात्र पुढे विरळणी चुकत नाही. वर माती किती? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, हा अंदाज परसातल्या हौशी बागवानालाही पुरतो.

देशावर पाभरीने ओळीत पेरतात. इंग्लंडात जेथ्रो टलने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र केले, त्याचा तिकडे मोठा गौरव झाला. पुढे १७९५ च्या सुमारास कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रजाने दक्षिण हिंदुस्थानात साधे शेतकरी पूर्वापार असलेल्या लाकडी पाभरीने पेरताना पाहिले व तसे तिकडच्या शेतकी मंडळास कळविले. ही पाभर कोकणात मात्र चालत नाही. दोन हजार मिलिमीटरवर पाऊस आणि गुडघाभर चिखल. तेथे फण काय करणार? म्हणून येथे भाताचे रोप वेगळे वाढवून मग आवणी करावयाची, आणि त्या रोपासाठी राब भाजावयाचा.

राब म्हणजे काय हे वसईत वाढलेल्या आजच्या मुलालाही सांगावे लागते. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचावयाचे, वर बारीक माती पसरावयाची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवावयाचे. तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राख मिळते. पावसाच्या तोंडाला तेथे भात पेरले की तीन-चार आठवड्यांत रोप उपटण्याजोगे होते. खाजणाकडील खाऱ्या जमिनीत हा खटाटोप नसे. तेथे मोड आणलेले बी चिखलात फोकीत. त्याला रहू म्हणतात.

आता टहाळ येणार कोठून? खाचराला जोडून वरकस जमीन असे ती याचसाठी. ती पुरली नाही तर रान. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याच्या रानांवर सरकारी पहारा कडक झाला आणि फांदी तोडणे हा गुन्हा ठरू लागला. शेतकऱ्यांची ओरड इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले; त्याचा अहवाल १८८७ साली आला. जंगलखात्याचे म्हणणे असे की, ही अडाणी चाल झाडांचा नाश करते. शेतकऱ्याचे म्हणणे असे की, राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर भात नाही.

मौज अशी की, विलायतेहून आलेल्या शेतकी रसायनतज्ज्ञ व्होल्करने १८९३ च्या अहवालात राबाला मोडीत काढले नाही. १९१२ साली हॅरॉल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनी राबावर शास्त्रीय निबंधच लिहिला आणि माती तापल्याने तिच्यात काय फरक पडतो ते तपासले. ज्याला अडाणी म्हटले, त्याच्या पद्धतीला प्रयोगशाळेत जागा मिळायला पंचवीस वर्षे लागली.

येथे आम्ही शेतकऱ्याच्या बाजूचे आहोत, पण पुरते नाही. आमचे आयुष्य मजुरीचे हिशेब करण्यात गेले, म्हणून आमची नजर टहाळाच्या भाऱ्याखालच्या डोक्याकडे जाते. कमिशनपुढे टहाळाच्या हक्काची चर्चा झाली. तो भारा डोंगरउतारावरून वाहणाऱ्या मजुराचा आणि आषाढात दिवसभर कमरेतून वाकून आवणी करणाऱ्या बाईचा हिशेब कोणी मांडावयाचा? राब आणि आवणी ही पद्धत शहाणपणाची खरीच. ती इतकी वर्षे टिकली, त्यात त्यांच्या स्वस्त कष्टांचाही वाटा होता.

याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोरिवलीच्या कोरा केंद्राने जपानी भातशेतीचा प्रयोग केला आणि १९५३ साली देशभर तिची मोहीम निघाली. राबाऐवजी खत घातलेला गादीवाफा, बी थोडे, रोपांच्या मोकळ्या ओळी, मधून कोळपणी. पीक वाढले; पण दोरी धरून ओळीत लावणे हे घाईच्या दिवसांत जास्त मेहनतीचे काम. ज्याच्या घरी खत आणि हाताशी माणसे, त्यालाच ते झेपे.

अलीकडे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत राब नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. कायमचे गादीवाफे करून त्यांवर लोखंडी साच्याने भोके पाडावयाची आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टोकावयाचे. वाडीतली बाई पडवळ टोकते तोच हा प्रकार, भाताला लावलेला. तण मारायला मात्र औषध फवारावे लागते, आणि ते फवारणाऱ्याच्या अंगावर किती उडते हा नवा प्रश्न आहे. आवणीचे काम गेले म्हणून रडावे, असे आम्हास वाटत नाही. त्या कामावर ज्यांची चूल पेटे, त्या बायकांना पावसाळ्यात दुसरे काय काम मिळाले, हे मात्र आम्ही ज्या ज्या गावी जातो तेथे विचारतो.