‘मित्राची गोष्ट’ ते ‘गर्लफ्रेंड’: दोन बायकांचं प्रेम पडद्यावर मरणापाशीच का संपतं?

दोन बायकांमधलं टोकाचं, शेवटी कुणाचा तरी जीव घेणारं नातं हा जगभरच्या सिनेमाचा जुना विषय आहे. पेण-रोह्यात असे चित्रपट थिएटरला क्वचितच लागतात. बहुतेकांना ते मोबाइलवर, तेही तुकड्यांत भेटतात. एक मिनिटाच्या क्लिपमध्ये वेडी झालेली बाई दिसते, पण ती तशी का झाली हे दिसत नाही. म्हणून पूर्ण गोष्ट माहीत असलेली बरी.

मराठीत हा विषय कधी आला?

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, तर सुमित्रा देव ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. कॉलेजातली मित्रा आपल्याला पुरुषांविषयी ओढ वाटत नाही, हे फक्त बापू या मित्राला सांगते. ती नमाच्या प्रेमात पडते. नमा मात्र कधी जवळ येते, कधी लांब जाते. मित्रा तिच्यावर हक्क गाजवू लागते. त्यात नमाचा प्रियकर दळवी बदनामीची धमकी देतो. शेवटी एकटी पडलेली मित्रा आत्महत्या करते.

रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्या याच कथेवर ‘मित्रा’ हा लघुपट केला. वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे त्यात आहेत. त्याला 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपटाचा मान मिळाला. 2015 च्या ‘बायोस्कोप’ या चार गोष्टींच्या चित्रपटात तो पाहता येतो.

‘उंबरठा’मध्ये काय आहे?

जब्बार पटेल यांच्या 1982 च्या ‘उंबरठा’ची पटकथाही तेंडुलकरांचीच. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तो बेतला आहे. महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं उघड होतं, तेव्हा आजूबाजूच्यांना तो गुन्हा वाटतो. स्मिता पाटील यांनी साकारलेली अधीक्षक सुलभा त्यांची बाजू घेते, पण तिलाही तो आजार वाटतो, उपचारांची गरज वाटते. त्या काळातली सहानुभूती तिथवरच पोचत होती.

‘फायर’ आणि ‘गर्लफ्रेंड’मध्ये फरक काय?

दीपा मेहता यांच्या ‘फायर’मध्ये दोन जावा एकमेकींना आधार देतात आणि शेवटी जिवंत राहतात. तरीही डिसेंबर 1998 मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी थिएटरची तोडफोड केली.

2004 च्या ‘गर्लफ्रेंड’मध्ये ईशा कोप्पीकरची तान्या मैत्रिणीच्या प्रियकरावर सूड उगवू पाहते आणि मरते. या चित्रपटाविरुद्धही निदर्शनं झाली. पण त्यावर समलैंगिक हक्क गटांचीही नाराजी होती, कारण तान्या सरळ खलनायिका होती. मित्राही हट्टी आहे, चुकते. पण तिची कोंडी कशाने झाली हे तेंडुलकर दाखवतात.

बाहेरच्या सिनेमात काय दिसतं?

हॉलिवूडच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ (1961) मध्ये एका मुलीच्या खोट्या आरोपाने दोन शिक्षिकांची शाळा बंद पडते आणि त्यातली एक गळफास घेते. पीटर जॅक्सनचा ‘हेवनली क्रीचर्स’ (1994) मात्र खऱ्या खुनावर आहे. 1954 मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन किशोरवयीन मैत्रिणींनी, आपल्याला वेगळं करतील या भीतीने, त्यांच्यातल्या एकीच्या आईला मारलं. इथे नाशाचं मूळ बरंचसं नात्यातच आहे.

मग असा सिनेमा बघताना काय तपासायचं?

तीन प्रश्न विचारा. नातं कशामुळे मोडलं: संशय आणि मालकीहक्कामुळे, की धमकी आणि बदनामीमुळे? जी मरते तिला स्वतःची बाजू मांडायला मिळाली का? आणि तीच गोष्ट स्त्री-पुरुषाची असती, तर आपण दोष प्रेमाला दिला असता की त्या माणसाला?

मालकीहक्क गाजवणारं नातं कुणाचंही असो, घातकच. पण 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, तोवर पडद्यावरच्या कितीतरी मित्रा मरून गेल्या होत्या. गावातल्या एखाद्या मुलीने स्वतःसारखी बाई फक्त मरतानाच पाहिली, तर तिला आपलंही पुढे तेच होणार असं वाटू शकतं. क्लिप फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.