सूर्याचा हजेरीपट

तारे म्हटले की आपण माना वर करतो. आज आम्ही आपणांस अलिबागेला नेणार आहोत. सर्वांत जवळच्या ताऱ्याचा, म्हणजे सूर्याचा, हजेरीपट आपल्याच जिल्ह्यात तेथे ठेवला जातो.

हा पट उघडला मुंबईस. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यडागांपाशी अकस्मात पांढरा झोत उफाळलेला दिसला. अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. आपोआप नोंदणारे यंत्र तेव्हा तेथे नव्हते; माणसेच डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होती. वादळाला कॅरिंग्टनचे नाव मिळाले. आकडा लिहिणाऱ्याचे नाव कोणाच्या ओठी नाही. पण त्या वादळाचा जोर ठरवताना जगातले शास्त्रज्ञ आजही त्याच्याच आकड्याकडे वळतात.

पुढे मुंबईत विजेची ट्राम यायचे ठरले. तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. पण ट्राम लोकांना हवी होती. तिला अडवणे योग्य नव्हते. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. बांधकामात चुंबकाला ओढणारे लोखंड येऊ दिले नाही. १९०४ साली तेथे काम सुरू झाले, तरी कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे आकडे घेऊन ताळा जमवला. १९०७ साली ट्राम धावली. बदली आल्याशिवाय यंत्र सोडायचे नाही, हा पाळीतला नियम आम्हां कामगारांना कोणी शिकवावा लागत नाही; मूस यांनी तोच पाळला.

सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. पोटात हायड्रोजनाचे हेलियम करीत तो तळपतो. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा होईल आणि शेवटी श्वेत बटू होऊन निवत जाईल. आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. पण आपले दिवे मालवण्याची ताकद ह्या एकाच्या रागात आहे. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातला क्वेबेक प्रांत काही तास अंधारात बुडाला.

आज अलिबागचे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. किल्ला पाहायला जाल तेव्हा वेधशाळेपाशीही क्षणभर थांबा. पाळी अजून चालू आहे.