शालेय स्वच्छता : प्रमाणित कार्यपद्धती

शाळेची सफाई ठरावीक क्रम, साधने व वेळ यांनुसार करण्याची पद्धत. अमेरिकेत ती विशेष रुजली. जुन्या रीतीत एकच कर्मचारी आपल्या वाट्याच्या खोल्यांतील सगळी कामे करी. ‘टीम क्लीनिंग’मध्ये कामे वाटली जातात : एक जण धूळ व कचरा काढतो, दुसरा व्हॅक्यूम फिरवतो, तिसरा स्वच्छतागृहे धुतो, चौथा फरशी, काचा व इतर कामे पाहतो. त्यामुळे साधनांची शोधाशोध वाचते. स्वच्छतागृहातील फडके वर्गातील बाकांवर फिरू नये म्हणून फडक्यांचे रंग वेगळे ठेवतात. जंतुनाशक पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओले राहावे लागते. घाईत नेमके हेच टळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या २००३च्या मार्गदर्शिकेत स्वच्छतेचे पाच स्तर आहेत. आठ तासांत एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्या स्तराची सफाई १८,००० ते २०,००० चौ. फुटांवर, तर तिसऱ्याची २८,००० ते ३१,००० चौ. फुटांवर अपेक्षित धरली आहे. बहुतेक शाळांत तिसरा स्तर पुरतो; स्वच्छतागृहे, बालवर्ग व भोजनकक्ष यांना दुसरा हवा. या आकड्यांचा खरा उपयोग कर्मचाऱ्यांवरील अवाजवी भार दाखवून देण्यात आहे. केवळ माणसे कमी करण्यासाठी ते वापरणे अन्यायाचे ठरते.