दिनविशेष : 29 नोव्हेंबर
सुवाळीची लढाई (1612)

सुरतेजवळ, तापीच्या मुखालगत असलेल्या सुवाळीच्या समुद्रात आज इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना भिडले. (तारीख तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाची.) कॅप्टन थॉमस बेस्टकडे ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होझिअँडर’ ही दोनच जहाजे; समोर पोर्तुगीजांची चार अवजड गलबते आणि त्यांच्याभोवती लहान होड्यांचा घोळका. दुसऱ्या दिवशी तीन गलबते वाळूत रुतली आणि इंग्रजी तोफांना आयतेच सावज मिळाले. भरती आल्यावर ती सुटली खरी, पण अब्रू गेली ती गेलीच. समुद्राचे मालक म्हणून जहाजांना परवाने विकणाऱ्या पोर्तुगीजांची ही फजिती मोगल अंमलदारांनी नीट हेरली. इंग्रजांची सुरतेतली वखार पक्की झाली. पुढे 1664मध्ये शिवरायांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांचा तिथला प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याच वखारीत ठाण मांडून होता.