'म्हणून' या शब्दापासून

मराठीत लिहिणाऱ्याला 'म्हणून' हा शब्द पानोपानी लागतो, पण त्याच्याकडे निरखून पाहायला कुणाला सवड नसते. 'करणे'पासून 'करून', तसे 'म्हणणे'पासून 'म्हणून'. 'उद्या येतो म्हणून सांगून गेला' या वाक्यात तो दुसऱ्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचवतो. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात तो कारण आणि परिणाम जोडतो. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या लेखनात आणायचे आणि एका विधानावरून पुढच्या विधानावर जायचे, ही शोधनिबंधातली दोन्ही कामे आपल्या भाषेने एकाच शब्दावर सोपवली आहेत. हे पुस्तक त्या दोन कामांविषयी आहे, आणि ती मुळात एकच आहेत असे मला वाटते.

तुम्ही एम.ए.चा पहिला निबंध लिहीत असाल किंवा पीएच.डी.चे एखादे प्रकरण तिसऱ्यांदा परत आले असेल, तर समासातले दोन शेरे ओळखीचे असतील: 'संदर्भ द्या' आणि 'ओघ नाही'. शेरे खरे असतात. पुढे काय करायचे, ते मात्र त्यांतून कळत नाही. ते इथे एकेक पान समोर ठेवून पाहू.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अपत्यहत्येबद्दल शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त बायकांवर झोड उठली, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वाचकांसमोर आणले.

टिपणवहीतून उतरवल्यासारखी ही वाक्ये एकाखाली एक येतात. प्रत्येक बरोबर आहे, पण त्यांचा निबंध होत नाही. आता मध्ये एक शब्द घाला: 'फुल्यांनी बाजू घेतली, तरीही पुस्तक विस्मृतीत गेले.' या 'तरीही'ने तुम्ही मोठा दावा केलात. फुल्यांचा पाठिंबा मिळालेले पुस्तक टिकायला हवे होते, असे तुम्ही म्हणालात. का हवे होते? 'सत्सार' वाचत कोण होते? त्याच जागी 'त्यामुळे' लिहिलेत, तर फुल्यांनी पाठराखण केली हेच विस्मृतीचे कारण ठरते, आणि मग पुराव्याचे ओझे कितीतरी वाढते. 'आणि' लिहिलेत तर काहीच सिद्ध करावे लागत नाही, पण वाचकाच्या हातीही काही लागत नाही. यांपैकी कोणता शब्द योग्य, ते ताराबाईंच्या पुस्तकात सापडणार नाही, फुल्यांच्या लेखात नाही आणि मालशे यांच्या आवृत्तीतही नाही. तो तुमचा आहे, तुमच्या जबाबदारीवर.

याचसाठी जोडशब्दांची यादी पाठ करून घेण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही. 'किंबहुना' हा 'किंवा'चाच भारदस्त अवतार समजून वापरलेला मी शेकडो पानांवर पाहिला आहे. 'किंबहुना' आधीच्या विधानाला आणखी एक पाऊल पुढे नेतो. पाऊल टाकायचे नसेल तर तो शब्द लिहू नये.

दुसरी अडचण सीमेची. 'ताराबाईंच्या मते पुरुष आपले दोष स्त्रीच्या माथी मारतात. स्त्रीला स्वतःची बाजू मांडण्याची वाटच ठेवलेली नाही.' यातले दुसरे वाक्य कुणाचे? ताराबाईंचे की तुमचे? दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठीत क्रियापदाचा काळ सहसा बदलत नाही, त्यामुळे ही सीमा चटकन पुसली जाते. संस्कृत शास्त्रग्रंथांत 'इति' आला की उद्धृत संपले हे कळते. आपल्याकडे ते काम 'असे त्या म्हणतात', 'हे त्यांचे प्रतिपादन' अशा शेपटाने होते. ते शेपूट कंटाळवाणे वाटले तरी छाटू नका. आणि 'म्हणतात'च्या जागी 'सुचवतात', 'मान्य करतात', 'दाखवून देतात' लिहिताना जपा: 'दाखवून देतात' म्हटले की ते म्हणणे तुम्हालाही पटले आहे, अशी कबुलीच तुम्ही देता.

शास्त्रकारांची पूर्वपक्षाची रीत याच शिस्तीतली. खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे. त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. मला स्वतःला ते सर्वांत जिव्हाळ्याचे.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक करा. तुमच्या लेखनाचे कोणतेही एक पान घ्या. दुसऱ्यांकडून घेतलेली विधाने एका रंगाने अधोरेखित करा, स्वतःची दुसऱ्या रंगाने. कोणता रंग वापरावा हे जिथे ठरेना, तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. पहिल्या प्रकरणाला बसताना ते पान शेजारी असू द्या.