वारा, काच आणि एक जुनी चूक

परवा आमचा नातू पुण्याहून आला. येत्या जूनमध्ये तो आणि त्याचे तीन मित्र मोटरसायकलनं लेहला निघालेत. रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे त्याच्याकडे. येताना बरोबर एक भलीमोठी पारदर्शक काच घेऊन आला होता. गाडीवरची मूळची काच लहान आहे म्हणे, ती काढून ही बसवायची. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही जावा चालवायचात ना? तुम्हीच सांगा, बसवू का?"

एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, तह आणि लढाया फळ्यावर लिहिल्या. पण वाऱ्यालाही इतिहास असतो आणि त्यातल्या एका पानावर आपलीही सही आहे, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. तेच आज लिहायला बसलो आहे.

माझी जावा सेकंडहँड होती. १९८१ साली घेतली. मी वाईजवळच्या एका शाळेत होतो आणि सासुरवाडी पंढरपूरची. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा रस्ता. फलटण सोडलं की सगळा माळ. डिसेंबरात पहाटे निघायचं म्हणजे स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, कानाला मफलर, हातात लोकरीचे मोजे. तरी नातेपुत्याला चहाला थांबलो की कपबशी धरता येत नसे. बोटं मिटतच नसत, तर क्लच आणि ब्रेक वेळेवर कसा दाबला जाणार? थंडी नुसती सोसायची गोष्ट नाही, ती ब्रेकपर्यंत पोचते, हे तेव्हा कळलं. अमेरिका-कॅनडात २००१ सालापासून वापरात असलेल्या सूत्रानं हिशेब केला, तर हवा १० अंश असताना ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या अंगाला ती ४ अंशांसारखी लागते. आम्हाला सूत्र ठाऊक नव्हतं, पण ते ४ अंश चांगले ठाऊक होते!

गंमत म्हणजे आपल्याकडे वाऱ्यापासून संरक्षण देणारी गाडी घरोघरी होती आणि आपल्या ते कधी लक्षातही आलं नाही. स्कूटर! १९४६ साली इटलीत व्हेस्पा निघाली. ती आखणारे कोराडिनो दास्कानिओ हे मूळचे विमान आणि हेलिकॉप्टरचे इंजिनियर, मोटरसायकल त्यांना फारशी आवडत नसे. त्यांनी चालवणाऱ्याच्या पायांपुढे पत्र्याचा तो रुंद पडदा दिला, म्हणजे कपडे मळू नयेत आणि वारा गुडघ्यावर येऊ नये. आपली १९७२ सालची बजाज चेतक त्याच घराण्यातली. आमचे हेडमास्तर थंडीत चेतकवरून ऐटीत यायचे आणि मी जावावर कुडकुडत, त्याचं रहस्य त्या पत्र्यात होतं.

मोटरसायकलवाल्यांनी वाऱ्याचा विचार सुरू केला तो आधी शर्यतीसाठी. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. म्हणजे नुसतं इंजिन वाढवून भागत नाही, हवेला वाट करून द्यावी लागते. इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो नावाचं गाव आहे. तिथं मोटो गुझ्झी कंपनीनं १९५० साली स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधला. खरी गाडी आणि तिच्यावर खरा माणूस बसवून समोरून वारा सोडायचा आणि बघायचं. त्या अभ्यासातून गाडीचं तोंड, पुढचं चाक, हँडल, सगळं झाकून टाकणारं कवच आलं. इंग्रजांनी त्याला 'डस्टबिन' असं नाव दिलं, कचऱ्याचा डबा! पण त्या डब्यानं कामगिरी मोठी केली. १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षं ३५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद गुझ्झीनं घेतलं. १९५७ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत बॉब मॅकिंटायरनं जिलेरा गाडीवर ताशी १०० मैलांच्या सरासरीनं फेरी मारली, ती तिथली पहिलीच. त्याच्याही गाडीला असंच कवच होतं.

आणि पुढच्याच वर्षी, १९५८ पासून, आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघानं शर्यतीत या डब्यावर बंदी घातली. पुढचं चाक उघडं दिसलंच पाहिजे, असा नियम झाला.

का? समोरच्या वाऱ्याला हे कवच उत्तम, पण वारा बाजूनं आला तर? पुढचं चाक झाकलेलं, म्हणजे गाडीच्या तोंडाशी मोठं शीड उभारल्यासारखं. आडवा झोत आला की गाडीचं तोंडच वळतं. चालवणारा हँडल सावरेपर्यंत गाडी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला.

मंडळी, हा परिच्छेद मी निवृत्तीनंतर, शब्दकोश शेजारी घेऊन, पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून ठेवला. कारण मला १९८४ चा जून आठवला.

त्या डिसेंबरच्या थंडीला कंटाळून मी साताऱ्यात एका कारागिराकडून ॲक्रिलिकची काच करून घेतली होती. चांगली कमरेपासून कपाळापर्यंत उंच. लोखंडी पट्ट्या वाकवून त्यानं ती थेट हँडलला आवळून दिली. दिसायला झोकदार! जूनमध्ये आम्ही दोघं पंढरपूरला निघालो. पश्चिमेचा वारा सुटलेला होता. माळशिरसच्या अलीकडे समोरून ट्रक गेला, त्याच्या पाठोपाठ हवेचा धक्का आला आणि हँडल माझ्या हातातून जणू कुणी हिसकलं. आम्ही कडेच्या मुरमात पडलो. मला खरचटलं. हिचं उजवं मनगट मोडलं. चार महिने हिला भाकरी थापता आली नाही आणि नंतरही तो हात पुरता वळला नाही. मोटरसायकलवर ही पुन्हा कधी बसली नाही.

मी पुढची वीस वर्षं त्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. जो भेटेल त्याला सांगितलं. आणि १९५८ चा तो नियम वाचताना कळलं की ट्रकवाला आपल्या बाजूनं सरळ गेला होता. शीड मी उभारलं होतं, आणि तेही हँडलवर, म्हणजे वाऱ्याच्या हातात सुकाणू देऊन!

माझी चूक अमेरिकेत एका माणसानं माझ्याही आधी तेरा वर्षं सोडवून ठेवली होती. क्रेग व्हेटर त्याचं नाव. १९७१ साली त्यानं 'विंडजॅमर' नावाचं कवच विकायला आणलं. ते हँडलला नव्हे, गाडीच्या सांगाड्याला बसायचं. हेडलाइटही त्याच्यातच. हँडल मोकळं फिरे आणि वाऱ्याचा भार सांगाडा घेई. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना नुसते कंस बदलून तेच कवच लागे. लांब पल्ल्याचे मोटरसायकलवाले त्यावर खूष झाले. होंडाची गोल्डविंग १९७५ साली बाजारात आली ती अगदी उघडी, लोक तिला बाहेरून कवच बसवून घेत. अखेर १९८० साली होंडानं स्वतःच कवचासकट 'इंटरस्टेट' काढली.

त्याआधी १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं आर १०० आरएस काढली होती. हान्स मुट यांनी तिचं कवच इटलीतल्या पिनिनफारिनाच्या बोगद्यात तपासून घडवलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तिथं नुसता वेग बघितला नाही. वेगात पुढचं चाक हलकं पडू नये आणि आडव्या वाऱ्यात गाडी भरकटू नये, हेही मोजलं. डस्टबिनपासून शिकलेला धडा तो हाच. एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा राहतो का, ते आधी पाहायचं.

तर सांगायचा मुद्दा असा, की नातवाला मी काय सांगितलं?

पहिलं, काच कशाला आवळली आहे ते बघ. मोठी काच असेल तर भार सांगाड्यावर गेला पाहिजे, हँडलवर नाही. दुसरं, उंच म्हणजे चांगली असं नाही. काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो आणि तिथं त्याचे भोवरे होतात. ते नेमके हेल्मेटवर आदळले तर डोकं दिवसभर गदगदत राहतं. त्यापेक्षा छातीवरचा वारा अडवणारी आणि डोकं स्वच्छ वाऱ्यात ठेवणारी लहान काच पुष्कळ बरी. तिसरं, काचेतून बघायची वेळ येऊ नये, तिच्यावरून बघता आलं पाहिजे. पावसात रात्री समोरच्या दिव्यांनी ओरखडे पडलेली काच पांढरी होते. चौथं, काचेच्या खालून थोडी फट असू दे. तिथून हवा आत आली की मागचं खेचणं कमी होतं. आणि हात! काच कितीही मोठी असली तरी हात बाहेरच असतात. आधी हातांपुढचे ढाल्ये घे, चांगले मोजे घे. ब्रेक हातानंच दाबायचा आहे.

नातू ऐकत होता. मग मी त्याला १९८४ ची हकीकत सांगितली, या वेळी खरी. ट्रकवाल्याला वगळून. ही आत भाजी निवडत होती. इतकी वर्षं मी हिच्यापाशीही हे कबूल केलं नव्हतं. बाहेर येऊन म्हणाली, "मला काय कळत होतं त्यातलं? पण फलटणपासून हँडल थरथरत होतं, ते मागून दिसत होतं. तुम्ही ट्रकवाल्याला बोलत होतात, म्हटलं बोलू द्या."

एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो की इतिहास लिहिताना आधी साक्षीदाराला विचारावं. साक्षीदार घरातच होता, विचारलं मात्र नाही.

असो. नातवानं मोठी काच परत केली आहे. मूळची लहानच ठेवली आणि उरलेल्या पैशांत हातमोजे घेतले. आजीनं मोजे हातात घालून बघितले, उजवा जरा बेतानंच. म्हणाली, "हे बरे आहेत."