बत्तीस वेळा फसलेलं यंत्र

लातूर पॅटर्नमध्ये दहावीचा निकाल लागला की पोराला पहिला प्रश्न, "मॅथ्स ग्रुप की बायो?" त्या उत्तरावर पुढची वाट ठरते. आमच्या नांदेडात तेच. विष्णुपुरीत १९८१ पासूनचं गुरु गोबिंदसिंघजी इंजिनियरिंग कॉलेज आहे, आणि त्याच विष्णुपुरीत शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज. शेजार आहे, पण येणंजाणं किती, हे आपण सगळे जाणतो!

म्हणून मला 'बायोसेन्स'ची गोष्ट आवडते. ही कंपनी मिश्किन इंगवले हा इंजिनियर आणि अभिषेक सेन, योगेश पाटील हे डॉक्टर अशा मित्रांनी काढली. मुंबईजवळच्या पारोळ गावात एक गरोदर बाई दगावली. कारण काय, तर अॅनिमिया, जो वेळेत कुणाला कळलाच नाही.

कळणार तरी कसा? आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं साहलीचा हिमोमीटर. बोटाला टोचायचं, २० मायक्रोलिटर रक्त काचनळीने ओढायचं, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचं. ते तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. जुळलं तो आकडा. म्हणजे सगळी भिस्त तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. शिवाय सुईला बाया घाबरतात, ते वेगळंच.

यांनी ठरवलं, सुईच नको. बोटातून प्रकाश सोडायचा आणि हिमोग्लोबिन मोजायचं. ऐकायला सोपं. पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्येच मांडली होती. पण त्यात फक्त प्राणवायूचं प्रमाण काढायचं असतं. एकूण हिमोग्लोबिन काढायचं तर बोटाची जाडी, कातडीचा रंग, गारठलेला हात, सगळं आडवं येतं. इंगवलेने २०१२ साली टेडच्या व्यासपीठावर सांगितलं की बत्तीस वेळा यंत्र फसलं. नंतर जमलं, ते 'टचएचबी'.

पुढे मोबाईलच्या कॅमेऱ्याने लघवीची पट्टी वाचणारं 'यूचेक' आलं. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पत्र धाडलं: पट्ट्यांना परवानगी डोळ्यांनी वाचण्यापुरती आहे, अॅपने वाचायच्या तर वेगळी मंजुरी कुठे आहे? काहींना हा लालफितीचा जाच वाटला. मला नाही वाटत. चुकीचा आकडा दाखवणारं यंत्र सुईपेक्षा जास्त घातक.

युगांडाच्या ब्रायन गिट्टाने असंच सुईविना मलेरिया ओळखणारं 'मातिबाबू' केलं, त्याला २०१८ चं आफ्रिका प्राइझ मिळालं. हा मूळचा कॉम्प्युटरवाला, बरं का.

आणि आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या अॅनिमिया असलेल्या महाराष्ट्रातल्या बाया २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीला निघणाऱ्या बाया त्यातच आल्या. सहा-सहा महिने फडात असतात, आज या गावी तर उद्या त्या. त्यांचं रक्त तपासायला यंत्र कुठलंही चालेल, साहलीचं का असेना, पण ते फडापर्यंत जायला हवं.